लसूणबंदी

"काय म्हणायलंय नाक?"

हाताला लागेल ती वस्तू समोरच्याच्या नाकाखाली धरायची आणि हा प्रश्न टाकायचा, ही काकांची सवय. आंबा असो, नवा शर्ट असो, नाहीतर लॅबमधली लेबल निघालेली बाटली. तुम्ही "पिकलाय" म्हणालात की ते परीक्षकाच्या थाटात मान हलवत आणि आंबा पिशवीत टाकत. नव्या माणसाला वाटे, म्हातारा आपली परीक्षा घेतोय. उत्तर माहीत असल्यासारखा चेहरा करून प्रश्न विचारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या काकांना मात्र उत्तर खरोखरच माहीत नसायचं. त्यांना वास येत नव्हता, अजिबात नाही.

हे त्यांचं गुपित होतं आणि ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

मी त्यांना काका म्हणायचे, कारण आम्ही दोघंही हैदराबादच्या नल्लकुंट्याचे आणि दोघंही घरी मराठी बोलणारे. त्यांचे वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आलेले, माझे आजोबा परभणीकडची शेती भावांवर सोडून. कारखान्यात तेलुगू कामगार त्यांना पेद्दसारू म्हणत, उर्दूवाले बडे साब. सकाळी सिटी बसने आम्ही दिलसुखनगरला जायचो आणि तिथून कंपनीची बस पकडायचो. बसमध्ये चढताना ते ड्रायव्हरपासून मागच्या सीटपर्यंत सगळ्यांना मोठ्याने जय भीम घालत आणि सगळ्यांकडून, ज्याच्या त्याच्या भाषेत, उत्तर वसूल करून मगच बसत. ज्याने उत्तर दिलं नाही त्याच्या शेजारी जाऊन बसत, आणि मग त्याची धडगत नसे.

आमचा कारखाना कचऱ्यावर चालायचा. देशभरच्या भट्ट्यांत तांबं, शिसं, जस्त वितळवतात, तेव्हा धुराड्यांत राख बसते आणि रसावर मळी येते. त्यांना ती नकोशी. ती पोत्यांत भरून आमच्याकडे यायची. आम्ही ती ॲसिडच्या टाक्यांत विरघळवायचो आणि त्या पाण्यातून जस्त, तांबं, कॅडमियम आणि नशीब असेल तर चिमूटभर इंडियम वेगळं काढायचो. पोत्यात काय काय आहे ते तपासून सांगणं हे लॅबमध्ये माझं काम. काका शुद्धीकरण शेडचे इन्चार्ज. त्या शेडमध्ये टाकीतल्या पाण्यात जस्ताची पूड सोडत, म्हणजे त्यातलं तांबं आणि कॅडमियम काळ्या गाळासारखं तळाशी बसे.

भीती एकाच गोष्टीची होती. राखेत सोमल, म्हणजे आर्सेनिक, असतो. तो आधी नीट काढून टाकला नाही, तर तीच जस्ताची पूड पडल्याबरोबर त्याचा वायू सुटतो. त्याला रंग नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. लसणासारखा किंचित वास येतो, बस्स. आणि तो येईपर्यंत माणसाच्या अंगात पुरेसं विष गेलेलं असतं. जुन्या एका कारखान्यात काकांनी त्या वायूने एक माणूस गेलेला पाहिला होता. त्याच्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, की तो शेवटपर्यंत शुद्धीवर होता आणि आपल्याला काय झालंय ते विचारत होता. आपल्या शेडमधून कोणी तसं जाऊ नये, एवढंच त्यांना या नोकरीतून हवं होतं. आणि त्यासाठी लागणारं नाकच त्यांच्यापाशी नव्हतं.

ते नाक याच कारखान्याने खाल्लं होतं. तरुणपणी ते कॅडमियमच्या भट्टीवर होते. तोंडाला रुमाल बांधला की झाली सुरक्षा, असा तो काळ. तिथल्या धुराने वास हळूहळू जातो, आणि जाताना जिभेची चवही घेऊन जातो. काकू सांगायच्या, गॅसवरचं दूध करपून काळं झालं तरी हे शेजारी बसून पेपर वाचत होते. एकदा सिलिंडर गळत होता आणि त्याच खोलीत यांनी उदबत्ती लावायला काडी काढली. काकू अंगणातून धावत आल्या म्हणून घर वाचलं. त्या दिवशी काकांनी सिलिंडर परत करून विजेची शेगडी आणली आणि शेजाऱ्यांना सांगितलं, की आजकाल हीच फॅशन आहे.

चहात वेलदोड्याचं साल दिसलं की "वा, वेलदोडा!" म्हणायचं, पानात मिरच्या चुरून घ्यायच्या, कारण तिखट जिभेला वासाशिवायही कळतं, आणि बाकी सगळं समोरच्याच्या तोंडाकडे बघून ताडायचं. यात ते इतके तयार झाले होते की एखादा पाहुणा फसलाच असता. एकदा माझ्या आईने दिलेल्या शेवयांच्या खिरीचं त्यांनी इतकं कौतुक केलं, की तिने पुन्हा मोठा डबा भरून दिला. खिरीत साखर घालायची राहिली होती हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

आता शेडमधल्या कायद्याबद्दल. लसणाचा वास आला की कोणी विचारपूस करायची नाही, हातातलं टाकून वाऱ्याच्या उलट दिशेला पळायचं, हा काकांचा पहिला नियम. वारा कळावा म्हणून त्यांनी शेडच्या चारी कोपऱ्यांना काकूंच्या जुन्या साडीच्या पट्ट्या बांधल्या होत्या. पण हैदराबादेत लसूण कुठे नसतो? आवकायाच्या लोणच्यात आहे, पप्पूच्या म्हणजे तेलुगू वरणाच्या फोडणीत आहे, खट्ट्या दाळीच्या बघारात आहे, आणि आमच्या मराठवाड्याच्या चटणीत तर दुसरं काहीच नाही. म्हणून दुसरा नियम: कारखान्यात लसणाचा डबा आणायचा नाही. गेटवर वॉचमन डबे हुंगून आत सोडायचा. कामगार म्हणायचे, पेद्दसारूंनी आम्हाला साधू करून सोडलं. यादगिरी नावाचा एक टाकीवाला होता, तो म्हणे बायकोला लग्नात सगळं सांगितलं होतं, हे एक सांगायचं राहिलं. आणि फिटर खालिदभाई, ज्यांच्या घरी लसणाशिवाय तवा चढत नसे, ते या कायद्याचे सगळ्यात कट्टर शिपाई झाले. दुसऱ्याच्या डब्यात आवकायाची फोड दिसली तर ते ती स्वतःच्या हाताने गेटबाहेर टाकून येत.

काका स्वतः डबे हुंगत नसत. ते वॉचमनच्या शेजारी उभे राहून विचारत, "काय म्हणायलंय नाक?"

खरं तर शेडच्या भिंतीवर हा वायू ओळखणारं एक मीटर होतं. ते बिघडलं, दुरुस्तीला गेलं आणि भिंतीवर स्क्रूची भोकं राहिली. मी विचारलं, काकांनी विचारलं, युनियनने विचारलं. मॅनेजरसाहेब प्रत्येकाला सांगायचे, येतंय. साहेब तसे गोड बोलणारे गृहस्थ. काकांच्या नाकाबद्दल त्यांना पहिल्यापासून माहीत होतं आणि त्यांना ते गैरसोयीचं वाटत नव्हतं. ज्याला वास येत नाही तो ॲसिडच्या वाफेबद्दल तक्रार करत नाही.

बसमध्ये एकदा मी काकांना सरळ म्हटलं, की तुम्ही लिहून द्या, मला वास येत नाही, मला दुसरीकडे टाका. काका म्हणाले, "मग माझ्या जागी कोण येईल ताई? कंत्राटावरचा कोणी तरी येईल. त्याला लसूण म्हटलं की फोडणी आठवंल. मला नाक नाही, पण भीती तर आहे." ते चुकीचं बोलत नव्हते.

भीती होती म्हणून ते वरचेवर शेड रिकामी करायचे. कोणी नुसतं "लसूण" म्हटलं की सगळे बाहेर. आणि दर वेळी पुढे निघायचं काय, तर कुणाच्या तरी खिशातली लसूण-शेव नाहीतर सासुरवाडीहून आलेलं लोणचं. टाकी बंद पडली की ती पुन्हा तापवून चालू करायला निम्मी पाळी जाते. साहेब वैतागले आणि त्यांनी शेडच्या दारावर नोटीस लावली: लसणाचा वास आल्यास प्रथम सर्व डबे तपासावेत, डब्यात लसूण न सापडल्यासच काम थांबवावे. काका केबिनमध्ये जाऊन भांडले. बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मला एवढंच म्हणाले, की साहेबांनी विचारलं, तुम्हाला स्वतःला कधी वास आलाय का? त्यावर ते काय बोलणार होते?

सोमल जास्त निघालेली पोती मी बाजूला ठेवायला सांगायचे. साहेबांच्या हुकमाने ती पुढे थोडी थोडी चांगल्या मालात मिसळून संपवली जायची. उन्हाळ्याच्या त्या आठवड्यात चांगला माल वेळेवर आला नाही. टाकी रिकामी ठेवायची नव्हती, तेव्हा ती पोती हात सैल सोडून मिसळली गेली. हे ना मला सांगितलं, ना काकांना.

आणि त्याच आठवड्यात खालिदभाईंच्या घरी नवी सून आली होती. तिने सकाळी लवकर उठून, हौसेने, सासऱ्यांचा डबा भरला. तिला कारखान्याचे कायदे कोणी सांगितले नव्हते. गेटवर खालिदभाईंचा डबा कोण हुंगणार? ते तर सगळ्यांना पकडणारे.

जेवणाच्या आधी यादगिरीने टाकीवरून हाक मारली, "सारू, एल्लिपाय वासन वस्तुंदि." लसणाचा वास येतोय. काकांनी पूड थांबवली आणि नोटिशीप्रमाणे सगळ्यांना डब्यांकडे नेलं. एकेक डबा उघडला. खालिदभाईंनी आपला उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. खट्टी दाळ होती, वर बघाराचा तळलेला लसूण तरंगत होता. सगळे पोट धरून हसले. काकाही हसले, जिवावरचं टळल्यासारखे. खालिदभाईंनी शरमेने डबा गेटबाहेर कुत्र्यांपुढे ओतला. सापडला लसूण, म्हणून सगळे टाकीवर परतले आणि पूड पुन्हा सुरू झाली.

मी जेवणानंतर पाण्याचा नमुना घ्यायला शेडमध्ये गेले. दारातच मला तो वास आला, अगदी हलका. मी काकांना सांगितलं.

"खालिदचा डबा होता," ते हसत म्हणाले. "टाकला बाहेर."

"कधी?"

"जेवायच्या आधी."

"काका, मला आत्ता येतोय."

त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. आत जे होते त्यांच्या नाकाला एव्हाना तो वास सवयीचा झाला होता आणि कारणही सापडलेलं होतं, म्हणून कोणी काही बोललं नव्हतं. काकांनी साडीच्या पट्टीकडे पाहिलं आणि ओरडून सगळ्यांना मागच्या दाराने काढलं. मला तर त्यांनी दंडाला धरून ढकललं. एरवी ते बायकांपासून हातभर लांब उभे राहणारे. पूड टाकीत पडतच होती. ती बंद करायचा खटका वर, टाकीच्या तोंडाशी होता. ते जिना चढून वर गेले. खालिदभाई मागे धावले तर त्यांनी वरूनच हात झटकून त्यांना परत पाठवलं. खटका पाडून, पंखे लावून, टाकीचं झाकण ओढून ते खाली आले. आमच्याजवळ येऊन ते म्हणाले, सगळे आहेत का ते बघा, आणि चहा सांगा. त्यांना काही म्हणजे काही झालेलं दिसत नव्हतं. या वायूचं हेच वाईट आहे.

संध्याकाळपर्यंत त्यांची पाठ धरली, उलट्या सुरू झाल्या आणि लघवी काळसर तांबडी झाली. यादगिरी, खालिदभाई आणि आणखी दोघांनाही भरती करावं लागलं. त्यांना रक्त बदलून वाचवता आलं. काका टाकीच्या तोंडाशी गेले होते. त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि अंगाला तांब्याच्या भांड्यासारखा रंग आला. मी रोज जायचे. ते शुद्धीवर होते, पण आपल्याला काय झालंय ते त्यांनी एकदाही विचारलं नाही.

एका दुपारी मॅनेजरसाहेब एका सरकारी अधिकाऱ्याला घेऊन जबाबासाठी आले. काकू आणि मी भिंतीला लागून उभ्या होतो. तेवढ्यात खालिदभाई शेजारच्या वॉर्डातून सलाइनचा स्टँड ढकलत आले आणि काकांच्या पायाशी उभे राहून लहान मुलासारखे रडू लागले. मेरे डब्बे ने मारा साब आपकू, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. काका उशीवरून मान उचलून त्यांच्याकडे वळले. मग अधिकाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"डब्बे का कुछ नईं खालिद. मेरे कू बू आई थी. टाकी की बू थी, मेरे कू समझी थी. मैं ही काम चालू रखा."

त्या खोलीतल्या प्रत्येकाला, त्या अधिकाऱ्याखेरीज, माहीत होतं की या माणसाला उदबत्तीचासुद्धा वास येत नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. साहेब खाली बघत होते. त्यांना जे हवं होतं ते आयतं काकांच्याच तोंडून आलं होतं. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं.

"हौ साब," खालिदभाई म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

मला काकांचा राग आला, आजही येतो. आयुष्यभर सांभाळलेलं खोटं त्यांनी शेवटी एका माणसाची झोप वाचवण्यासाठी खर्च केलं, आणि त्यात साहेबही सुटत होते. मी त्यांना तसं म्हणणार होते. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा ते बोलण्यापलीकडे गेले होते. सकाळ उलटायच्या आत संपलं.

अंत्यविधीला अख्खी पाळी आली होती. काकांच्या मुलीला मराठी वाचता येत नाही, तिने मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलेली वंदना वाचली आणि आम्ही मागून म्हटली. खालिदभाई सगळ्यांच्या मागे, हात बांधून, शेवटपर्यंत उभे होते.

चौकशी त्याच अधिकाऱ्यापुढे, कारखान्याच्याच ऑफिसात झाली. साहेबांनी काकांचा जबाब पुढे ठेवला. इन्चार्जना वास आला होता, त्यांनी तो ओळखला होता, तरीही त्यांनी काम चालू ठेवलं, म्हणजे हलगर्जीपणा त्यांचा. मी उठून सांगितलं, की त्यांना वास येत नव्हता, आणि हे साहेबांनाही माहीत आहे. साहेब अत्यंत सौजन्याने म्हणाले, की अशी कुठली तक्रार मॅडमनी किंवा त्यांनी कधी केलेली आमच्याकडे नोंद नाही. पाळीतल्या बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांची पोटं तिथेच भरत होती. यादगिरी छताकडे बघत राहिला. मला त्याला दोष द्यावासा वाटला नाही.

मग खालिदभाईंना विचारलं. त्यांनी नुसतं "साब बोले सो सच" म्हटलं असतं तर ते मोकळे होते. डबा त्यांच्या डोक्यावरून कायमचा उतरला असता. काकांनी त्यासाठीच तर तो उतरवला होता.

ते उभे राहिले. तब्येत अजून सुधारली नव्हती, त्यांनी टेबलाच्या कडेला धरलं होतं.

"साब कू बू नईं आती थी," ते म्हणाले. "बरसों से नईं आती थी. ये मैनेजर साब भी जानते." त्यांनी मॅनेजरांकडे बोट केलं. "लस्सन का डब्बा मेरा था. वो मिला, इसके वास्ते सब टाकी पे वापस गए. नोटिस में वैसाच लिखा था. साब मेरे वास्ते झूट बोले."

अधिकाऱ्याने लिहिणं थांबवून साहेबांकडे पाहिलं आणि दारावरची नोटीस मागवली. त्याच्यानंतर यादगिरीही बोलला, आणि मग एकेक करून दुसरे. पुढे निकालात काय आलं ते सांगण्यात अर्थ नाही. दोष बराचसा वाटला गेला, साहेबांची बदली झाली आणि भिंतीवर नवं मीटर लागलं. शेडमध्ये आता जेवणाच्या सुट्टीत पुन्हा लसणाची चटणी निघते.

त्या दिवशी चौकशी संपल्यावर खालिदभाई आणि मी गेटबाहेर आलो. कंपनीची बस यायला वेळ होता. ते गेटकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, डब्याचं ओझं परत डोक्यावर घेतलं म्हणून त्यांना जड जात असेल. मी म्हटलं, की भाई, तुम्ही फार मोठं काम केलंत.

त्यांनी मान हलवली. "वो मरते वख्त मेरे वास्ते बोले थे आपा," ते म्हणाले. "इत्ते साल में उनकी बात मैं कभी काटा नईं. आज काट दिया. सबके सामने."

समोरून ट्रक आला, पोत्यांनी भरलेला, आणि आम्ही त्याला वाट द्यायला रस्त्याच्या कडेला सरकलो.